डोहाकाठची तहान

दिवाळीच्या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हा मी त्यांना आधीच विचारून घेतले, की लघवीच्या दुखण्याविषयी लिहिलेले चालेल का. भाषा संयमाची असेल तर चालेल, असे उत्तर आले. ते ऐकून घरात सगळे हसले. पत्नी म्हणाली, "इतकी वर्षं डॉक्टरी केलीत आणि लोकांपुढे मांडायला हेच सापडलं का?"

मला हेच सापडले खरे. पटकीवर आणि देवीवर थोरांनी लिहून ठेवले आहे. उन्हाळी लागली म्हणून कोणी लेख लिहीत नाही, आणि लागायची कोणाला राहत नाही.

माझे वडील पनवेलला शिंपीकाम करत. शाळेतल्या गुरुजींनी माझ्यासाठी चार मोठ्या घरी शब्द टाकला, म्हणून मी मुंबईला वैद्यकीय कॉलेजात जाऊ शकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. त्या दिवशी अंगात घालायचा कोट वडिलांनी शिवला होता. दोन्ही खांद्यांत तो थोडा सैल होता. "पुढे भरशील," असे ते म्हणाले. गुरुजींचे आणि वडिलांचे उपकार मी फेडू शकलो नाही. निदान जे शिकलो ते ज्यांच्यासाठी शिकलो त्यांच्यापर्यंत पोचावे, एवढीच धडपड केली. तीही नेहमी जमली असे नाही.

माझी पहिली मोठी नेमणूक कर्जतच्या सरकारी दवाखान्यात झाली. खालापूर पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटविभागही माझ्याकडेच होता, म्हणून महिन्यातले बरेच दिवस तट्टावर किंवा छकड्यात जात. रोगी शंभर तऱ्हेचे. पण चैत्र-वैशाखात दर चार माणसांमागे एकाची तक्रार ठरलेली: लघवीला आग होते, थेंब थेंब होते, सारखे जावेसे वाटते आणि गेले की काही होत नाही. तीच उन्हाळी.

पुरुष हे सांगत, पण आडवळणाने. खालापुरातले एक भुसारी व्यापारी होते, कासमभाई म्हणून. स्वभावाने फार नीटनेटके. लघवी तपासायला आणा असे मी सांगितले, तर ते ती अत्तराच्या कुपीत घेऊन आले. काचेच्या नळीत ओतून मी ती दिव्यावर धरली, तर सगळ्या दवाखान्यात गुलाब दरवळला. मी म्हटले, "भाई, यातून मला तुमच्या दुखण्याचं काय कळणार?" ते म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमच्या हातात काहीतरी बरं द्यावं म्हणून."

दुसरा एक भिसेगावचा, घाटाच्या इंजिनावर कोळसा टाकणारा. विस्तवाची उष्णता अंगात शिरली आहे, ती काढून द्या, असे त्याचे म्हणणे. मी विचारले, "कामावर पाणी किती पितोस?"

"इंजिनाला पाजतो की भरपूर, कर्जतला."

"तुला विचारतोय मी."

"मला कोन पाजनार? घाटात इंजिन सोडून उतरू काय?"

त्याला मी औषध दिलेच नाही. पाण्याची सुरई घेऊन इंजिनावर चढ, असे सांगितले. पुढच्या वेळी आला तेव्हा सुरई फुटल्याची तक्रार घेऊन आला, आगीची नाही.

बायकांचे मात्र कठीण होते. बाईच्या दुखण्याचा प्रश्न मी नवऱ्याला विचारायचा, त्याने आईला, आईने सुनेला. आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचे. येईपर्यंत त्याचे "पोटात दुखतं" एवढेच झालेले असे. म्हणून मी लघवीचे नावच काढणे सोडले. विचारायचो, "शेतावर जाताना पाणी नेता का? घरी परत केव्हा येता?" उत्तर बहुधा एकच येई. पाणी पीत नाही, कारण प्यायले की आडोसा शोधावा लागतो, आणि उघड्या खाचरांत आडोसा कुठला? सकाळी निघालेली बाई दिवेलागणीपर्यंत कोरडी राहायची आणि अडवून धरायची. निम्मी उन्हाळी तिथेच जन्मायची.

औषधे म्हणाल तर कॉलेजातल्या पुस्तकांत आणि आमच्या आईच्या फडताळात फारसा फरक नव्हता. पुस्तकात सातूचे पाणी आणि खार होते. आईकडे रात्री भिजवून सकाळी गाळलेले धन्या-जिऱ्याचे पाणी, गोखरूचा काढा, शहाळे, आणि ओटीपोटाला शेकायला पळसाची वाळलेली फुले. दोन्हींतले खरे औषध पाणी. बाकीचे सगळे ते पाणी प्यायला लावण्याचे सभ्य बहाणे आहेत, असे माझे मत बनले आहे. मात्र आग होण्याबरोबर हुडहुडी भरून ताप आला आणि कमरेच्या वर, बरगड्यांखाली पाठ दुखू लागली, तर तो विकार मूत्रपिंडापर्यंत चढला असे समजावे. तिथे फडताळातल्या पुड्यांवर विसंबू नये, डॉक्टर गाठावा. डॉक्टरही प्रत्येक वेळी वाचवू शकतो असे नाही, हेही सांगून ठेवतो.

आता ज्या हकिकतीसाठी हे सगळे लिहायला घेतले ती सांगतो.

वैशाखात खालापूरला फिरतीवर होतो. सकाळीच एक तरुण शेतकरी आला. नाव धाकू. कुंभिवलीच्या पुढे, पाताळगंगेच्या वळणावर त्याचे गाव. गावाचे नाव लिहीत नाही. ती माणसे अजून तिथे नांदत आहेत. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "तापाची पुडी द्या, दागतरसायेब. बायकोला. पन पान्याबिगर घेयाची द्या."

"पाण्याशिवाय कशी घेणार? कडू असते रे."

"मदातून देऊ. पान्याचं नाव नको."

"का?"

 तो हळूच म्हणाला, "आसरा लागल्यात तिला."

आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. डोहात राहतात, सात बहिणी असतात, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला काठावर येऊन केस सोडून बसतात, असे आमच्या भागातली कोणतीही बाई सांगेल. त्यांच्या काठावर कोणा बाईने चुकून घाण केली की त्या तिला धरतात. आधी लघवीला आग, मग पाण्यातून काढल्यासारखी थंडी, मग ताप. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण मूत्रपिंडाच्या विकाराचे इतके बिनचूक वर्णन पुस्तकातही क्वचित सापडते. एवढे सगळ्या गावांना ठाऊक होते. पण धाकूच्या गावची एक वेगळी रीत होती. पाणी हे आसरांचे. धरलेल्या बाईला पाणी पाजले की प्रत्येक घोटाबरोबर त्या आणखी आत शिरतात. म्हणून ताप उतरेपर्यंत तिला पाणी वर्ज्य.

मी पुडी दिली नाही. त्याच्याच छकड्यात बसून निघालो.

 कुंभिवली मागे पडल्यावर तो आपणहून म्हणाला, "पैलीबी अशीच गेली माझी. चंद्री. तुमी हितं येयाच्या आदी."

"तिलाही पाणी दिलं नव्हतं?"

"रीत हाय, सायेब." थोड्या वेळाने म्हणाला, "लई हाका मारायची."

गावात पोचलो तेव्हा दुपार डोक्यावर आली होती. असे गाव मी पाहिले नव्हते. नदीकडची सगळी दारे लावलेली. कुत्रीसुद्धा घरांच्या अलीकडच्या सावलीत पडलेली. पलीकडे डोहाच्या बाजूला एकही नाही. धाकूच्या अंगणातली तुळस करपून गेली होती. आत हंडे, कळश्या, तांबे, सगळी भांडी भिंतीशी पालथी घातलेली. घरातली माणसे पाणी प्यायची ती शेजारच्या घरी जाऊन, तोंड पुसून परत यायची. आत पाण्याचा थेंब नव्हता.

धाकूची आई येसूबाई सुनेच्या उशाशी बसून वारा घालत होती. उंच, हाडापेराने मोठी बाई. डोळे जागरणाने तांबारलेले. वाचकांनी तिला दुष्ट सासू समजू नये. थंडी भरल्यापासून ती तिथून जेवायलाही उठली नव्हती, असे मला शेजाऱ्यांनी सांगितले. रीत पाळतानाही तिचा हात थांबत नव्हता.

सून तुळसा, अठराएकोणीस वर्षांची. अंग तव्यासारखे तापलेले. मी दाराशीच बसलो आणि येसूबाईला म्हटले, "तिच्या पाठीखाली, बरगड्या संपतात तिथं हलक्या हातानं दाबा." तिने दाबले आणि तुळसा कळवळून कण्हली. निदान झाले.

"पाणी कधीपासून नाही?"

"परवाच्या सांजेला थंडी भरली तवाधरनं नाय."

मी तुळसाला जीभ दाखवायला सांगितले. असा ताप, वैशाखातली दुपार, आणि परवापासून थेंब नाही. जीभ चामड्यासारखी व्हायला हवी होती. ती ओली होती. ओठांच्या कडेलाही ओल होती.

कोणीतरी चोरून पाजते आहे, हे मी ओळखले आणि मनातून सुखावलो. कोण असेल म्हणून एकेका चेहऱ्याकडे पाहिले. धाकू माझ्याबरोबर सकाळपासून बाहेर होता. येसूबाई नजर न चुकवता माझ्याकडे बघत होती. मी तुळसाला हळूच विचारले, "तहान लागली का गं?"

"आता नाय. आक्कानं पाजलं."

धाकू पुढे झाला. "कंची आक्का गं?"

"ती की. मागल्या दारानं येती. क्यास ओलं असत्यात." तिचे डोळे मिटलेलेच होते. "डाव्या हातानं पाजती."

वारा घालणारा हात थांबला. बाहेरही काही हलत नव्हते. धाकू भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. मग येसूबाई मला म्हणाली, अगदी सपाट आवाजात, "चंद्री डावरी व्हती. वाढताना मी लई मारलंय तिच्या हातावर."

तुळसाला हे कोणी सांगितले असेल, असे मी स्वतःला समजावले. लहान गाव आहे, विहिरीवर बायका बोलतात. ते खरेही असेल. पण त्या वेळी त्या घरात मला ते तितके पटले नाही, हे लपवत नाही.

त्या घराला त्यातून एकच अर्थ दिसला: पहिली दुसरीला न्यायला आली आहे. येसूबाईने दोन भावकीतल्या माणसांना कोयते घेऊन मागच्या दारात बसवले; लोखंडाला मेलेले माणूस घाबरते म्हणून. आणि पाण्याचा विषय काढताच ती म्हणाली, "आता तर अजाबात नाय. तिच्याच हातचं पेली की ही गेली."

मी वाद घातला नाही. वादाने बाई हरते, पण पाणी पाजत नाही, एवढे मी शिकलो होतो. मी म्हटले, "बरं, पाणी नाही. शहाळं?"

ती विचारात पडली. "त्ये झाडाचं. चालंल."

"ताडगोळे?"

"चालतील."

"ताक?"

"ताकात पानी असतं, दागतर. मला येडी समजता काय?"

"काकडी?"

"येलाची हाय. चालंल."

"दूध?"

"दूद चालंल. पन गवळ्याचं नको. त्यो पानी घालतो."

मागच्या दारातला कोयतेवाला खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. येसूबाईलाही क्षणभर हसू आल्यासारखे वाटले. मग तिने परसाकडे मान वळवली. "क्येळी हायत. क्येळीच्या खांबातलं पानी नदीचं नसतं."

आमच्या आईने वडिलांसाठी हा उपाय केलेला मला आठवत होता. केळीचा खांब गुडघ्याएवढा ठेवून आडवा तोडायचा, गाभा वाटीसारखा कोरायचा आणि वर पान बांधून ठेवायचे. खोड आपले पाणी त्या वाटीत सोडत राहते. ते तुरट लागते, पण लघवी मोकळी करते. धाकूने केळी तोडल्या. पळसाची फुले गावात होती, पण शेकायला ती उकळायची म्हणजे पाणी आले; म्हणून तव्यावर कोरडीच गरम करून फडक्यात बांधली आणि ओटीपोटावर ठेवली. शहाळी आणायला माणूस पनवेलच्या रस्त्याला पिटाळला. दिवस कलता कलता तुळसाला थोडी लघवी झाली. ताप किंचित उतरला. मी गावातल्या देवळाच्या ओवरीत मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळे फिरले. शहाळीवाला आला नाही. खांबातले पाणी आटत गेले. कोरलेल्या वाट्यांत नुसता चिकट ओलावा उरला. परसातली एकही केळ उभी नव्हती. दुपार चढू लागली तशी पुन्हा हुडहुडी भरली. घोंगड्यांखाली तुळसाचे दात वाजत होते आणि बाहेर उन्हाने जमीन तडकत होती. सकाळपासून लघवीचा थेंब नव्हता. मी जीभ पाहिली. आता ती चामड्यासारखी झाली होती.

तुळसा पुटपुटली, "आक्का नाय आली आज."

येसूबाईने तिच्या तोंडाशी कान नेला. "का गं?"

"दारात मानसं हायती. ती लाजती."

मी येसूबाईला ओटीवर बोलावले. जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो, कारण आयुष्यात मी इतके थोडक्यात क्वचितच बोललो असेन. "बाई, थंडी भरल्यापासून कालपर्यंत ही जगली ती त्या पाण्यावर. कोणी पाजलं ते मला ठाऊक नाही, विचारतही नाही. काल तुम्ही दारात माणसं बसवली आणि ते पाणी थांबलं. आता पाणी मिळालं नाही तर ही आज जाईल."

"म्हंजी ती न्यायला येत नव्हती?"

"भुतांचं मी काही शिकलेलो नाही. पाण्याचं शिकलोय."

 ती आत जाऊन त्या दोघांना म्हणाली, "उठा. घरी जावा."

"काकी, दार उगडं ठिवून?"

"व्हय. उगडं."

ते गेले. मागचे दार सताड उघडे राहिले. दारातून तोडलेल्या केळींचे खुंट दिसत होते, त्यांच्या पलीकडे उतार, आणि उताराखाली डोह. उन्हात त्याचे पाणी काळे दिसत होते. येसूबाई सुनेशेजारी बसली आणि दाराकडे बघू लागली. ती कोणाची वाट बघत होती हे मला कळले. धाकूलाही कळले; त्याने भिंतीकडे तोंड केले. आणि लिहायला संकोच वाटतो, पण शिकलासवरलेला मीही वाट बघत होतो.  एकदा वाऱ्याची झुळूक आली आणि तापलेल्या मातीवर पाणी शिंपडावे तसा वास आला. खुंटांचा असेल. तुळसाने डोळे उघडून दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते.

कोणी आले नाही.

येसूबाई उठली. भिंतीशी पालथी घातलेली एक कळशी तिने उचलली, सुलटी केली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. धाकू ओरडला, "आये, भर दुपारचं कुठं चाललीस? शेजारनं आन की." शेजारी सुलट्या हंड्यांत पाणी होते. पण ती उतारावरून सरळ डोहाकडे गेली. त्या वेळेला तिथे गेलेली बाई त्या गावात कोणी पाहिली नव्हती.

ती खाली दिसेनाशी झाली. धाकूला तिच्यामागे जायचे धैर्य झाले नाही, आणि मीही रोग्याजवळून उठलो नाही. तो वेळ फार लांबला. मग उन्हाच्या झळांतून ती वर येताना दिसली. आधी नुसती आकृती. पायांखाली जमीन नसल्यासारखी हलणारी. दारात येऊन उभी राहिली तेव्हा मागून इतका उजेड होता की चेहरा दिसत नव्हता. केस मोकळे सुटले होते आणि त्यांतून पाणी निथळत होते. पुढे ती म्हणाली, की डोहात उतरून आधी तिने कळशी आपल्या डोक्यावर ओतून घेतली. पण त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हते.

तुळसा म्हणाली, "आक्का आली."

येसूबाईने ती चूक सुधारली नाही. आत आली आणि खाली बसली. आधी स्वतः ओंजळभर पाणी प्याली आणि उघड्या दाराकडे बघून म्हणाली, "धरायचं तर मला धरा. हिला पिऊ द्या." मग उजव्या हाताने सुनेचे डोके उचलून धरले. पाजायला डावाच हात उरला होता. त्याच हाताने तिने पाजले.

पाणी उकळून घ्या, असे म्हणायला माझे तोंड उघडले होते. मी ते मिटले.

दिवसभर ती पाजत राहिली. संध्याकाळी मी तिला पाणी उकळायला आणि त्यात धने घालायला लावले, तेव्हा ती निमूटपणे ऐकू लागली. लघवी झाली, गढूळ, थोडी, पण झाली. ताप लगेच गेला नाही. चढत-उतरत राहिला, आणि मधल्या एका सकाळी मला वाटले की हातून गेलीच. पण तुळसा उठली. याचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही आणि धन्याच्या पाण्यालाही देत नाही. अशा विकारात भरपूर पाणी पिऊनही बायका जातात; मी जाताना पाहिल्या आहेत. हिच्या शरीराने झुंज दिली, आणि झुंजायला लागते ते तिला मिळाले, इतकेच.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा त्या गावावरून गेलो. तुळसा खळे सारवत होती. मला पाहून तिने पदर घेतला आणि आत गेली. तिला त्या दिवसांतले काही आठवत नव्हते. येसूबाई अंगणात वाल निवडत बसली होती. मी ओटीवर टेकलो. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "एक इचारू का? चंद्रीला पानी दिलं असतं तर वाचली असती का?"

मला सोयीचे उत्तर देता आले असते. पण एवढे करून जिने विचारले तिला ते देऊ नये असे वाटले. मी म्हटले, "सगळ्याच वाचत नाहीत. वाचली असती असं मी सांगू शकत नाही. पण तहानलेली गेली नसती."

तिने मान हलवली. पुन्हा सूप ओढून दोन-चार दाणे निवडले. तिचा चेहरा मी निरखला नाही.

मग माझ्या मनात वैशाखापासून असलेला प्रश्न मी विचारला. धाकूला मी आधीच विचारले होते. त्याने पोटच्या मुलाची शपथ घ्यावी तशी नदीची शपथ घेऊन नाही म्हटले. शेजारच्या बायकांनी कानावर हात ठेवले. राहता राहिली हीच. मी म्हटले, "येसूबाई, आता कोणी काही म्हणणार नाही. ते पहिले दोन दिवस तुम्हीच पाजत होता ना?"

"नाय."

"मग कोण?"

तिने सुपातला एक किडका दाणा उचलून अंगणात टाकला.

"मी पाजलं नाय, ह्यानं पाजलं नाय, गावानं पाजलं नाय. त्या दोन दिसांत ह्या घरात एकच बाय शहानी व्हती, दागतर. आन् ती मेल्याली."